शंभर किलो मेणाच्या एकशे अकरा किलो मेणबत्त्या

पॅकिंगच्या खोलीतली भिंत मीच रंगवली, हे आधी सांगून टाकते. तीन हात दिले. तरी ती बिघडली, त्यात माझी काही चूक नाही.

झालं असं, की आमच्या मेणबत्तीच्या कारखान्यात पहिल्यांदाच ऑडिटरबाई येणार होत्या. मावशीनं चार दिवस आधीपासून सगळं डोक्यावर घेतलं. कारखाना म्हणजे एकापुढे एक तीन खोल्या. पहिलीत मेण वितळवायच्या कढया, दुसरीत साच्याचं यंत्र, तिसरीत पॅकिंग. फरशीवर मेणाचा थर बसलेला असतो, नवा माणूस आला की दारातच घसरतो. तो थर खरवडायला मावशीनं माझ्या हातात उलथनं दिलं आणि वर म्हणाली, "काडे, ती भिंतही रंगवून टाक. काय रेघोट्या मारून ठेवल्यास! बाई म्हणतील, हा कारखाना आहे की बालवाडी?"

काडी म्हणजे मी. अंगानं काडी आणि डोक्यानंही काडी, जरा घासलं की पेटते, असं मावशी येईल-जाईल त्याला सांगते. ती माझ्या आईची मोठी बहीण. नववीत मी शाळा सोडली, कारण सहा तास एका बाकावर मला बसवत नाही. आईनं डोकं धरलं, मावशीनं मला धरलं आणि इथं आणून उभं केलं. इथं बसायला बाकच नाही, त्यामुळे माझं बरं चाललंय.

तर त्या रेघोट्या. त्या रेघोट्या नव्हत्या, तो पुरावा होता.

साच्याच्या यंत्रावर साचेदादा असतो. तो साच्यात गरम मेण ओततो, बाजूनं गार पाणी खेळतं, मेण घट्ट झालं की हँडल फिरवतो आणि नव्वद मेणबत्त्या एकदम वर येतात. त्याला म्हणायचं एक उचल. दादाला पैसे उचलीवर मिळतात, म्हणून प्रत्येक उचल तो यंत्राला टांगलेल्या वहीत लिहितो. मग तो ट्रे माझ्याकडे येतो. मी वाकड्या, तुटक्या, वात सरकलेल्या वेचून पिंपात टाकते आणि बाकीच्या बांधते. दादा म्हणतो, "मी सरळ काढतो, तुझ्या हातात येऊन मोडतात." मी म्हणते, "तुझा हातच वाकडा." एकदा भांडण एवढं पेटलं, की मावशी मधे पडून म्हणाली, "रोज रोज काय कटकट! काडे, पुरावा दे नाहीतर गप्प बस."

गप्प बसणं जमत नाही, म्हणून पुरावा द्यायचं ठरवलं. पिंप भरलं की भिंतीवर एक रेघ. पाच रेघांची जुडी. वर महिन्याचं नाव, बाजूला माझा शेरा. पेन तिथं चालत नाही, मेण लागून लगेच बंद पडतं. म्हणून लाल मेणबत्तीचा तुकडा घेतला आणि त्यानंच लिहीत गेले. दीड वर्ष.

आणि हा पुरावा मला पुसायला लावला! मी दात खात ब्रश मारला. पहिला हात दिला, वाळला, रेघा तशाच. मेणावर रंग कुठला धरणार? अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळत होता. दुसरा हात, तिसरा हात. भिंत पांढरीशुभ्र झाली आणि रेघा आधीपेक्षा लालभडक दिसायला लागल्या. मावशीनं कपाळाला हात लावला. शेवटी आम्ही रिकाम्या खोक्यांची रास भिंतीला लावून छतापर्यंत नेली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मावशी म्हणाली.

ऑडिटरबाई सकाळी दहाला आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला झोळी, चष्मा नाकाच्या टोकावर. मी चार दिवस खरवडलेल्या फरशीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ बाहेरच्या पडवीत खातेकाकांच्या टेबलाशी जाऊन बसल्या. खातेकाका आमचा हिशेब लिहितात. आठवड्यातून दोनदा येतात, प्रत्येक आकड्याखाली पट्टीनं रेघ मारतात आणि स्वतःवर खूश होऊन घरी जातात.

मी पाणी द्यायच्या निमित्तानं तिथंच घुटमळले.

"आमच्याकडेच का?" मी विचारलं. "शेजारच्या खोकेवाल्याकडे कुणी येत नाही. आम्ही काय चोऱ्या केल्या?"

"काडे!" मावशी डाफरली.

"विचारू दे की," बाई म्हणाल्या. "चोरीचा काही संबंध नाही. वर्षाची विक्री एक कोटीच्या वर गेली, की हिशेब तपासून घ्यावा लागतो. सगळे व्यवहार बँकेतून असते, रोखीचे शंभरात पाचच्या आत असते, तर दहा कोटींपर्यंत मला यावं लागलं नसतं. पण तुमचे दुकानदार रोख मोजतात."

"ते तर नोटा थुंकी लावून मोजतात," मी म्हटलं.

"हिशेबाच्या भानगडीत न पडता सरळ आठ टक्के नफा दाखवूनही मोकळं होता येतं, एवढ्या विक्रीला. ताई, ते का नाही केलंत?"

"आठ टक्के सुटले असते, तर पाय सुजवत कढईपाशी उभी राहिले असते का हो मी?" मावशी म्हणाली. "पाच सुटतात. न सुटलेल्यावर कर कशाला भरू?"

"बरोबर आहे. मग तपासणी आलीच." बाईंनी झोळीतून छापील फॉर्म काढला. "हे बघा, यात चव्वेचाळीस प्रश्न आहेत. मी कर वसूल करत नाही, दंडही करत नाही. जे बघितलं ते उत्तरात लिहिते. पुढचं कर खात्यातले साहेब बघतात."

"म्हणजे चहाड्या," मी म्हटलं.

"हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण खाली सही करून केलेल्या. खोटी केली तर माझी मान जाते."

मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या नाहीत, त्यामुळे मीच चिडले आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

प्रश्न भराभर पुढं सरकले. एका ठिकाणी बाईंनी पेन्सिल थांबवली. "काका, हा 'यंत्रदुरुस्ती' खर्च, चष्म्याच्या दुकानातून?"

"ताईंचा चष्मा आहे," खातेकाका म्हणाले. "त्याशिवाय त्यांना थर्मामीटर दिसत नाही. म्हणजे यंत्राचाच भाग झाला."

"खासगी खर्च," बाईंनी लिहिलं. मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला.

"आणि वातवाल्याला एकाच दिवशी बारा हजार रोख?"

"तो पैशासाठी अडून बसला होता दारात," मावशी म्हणाली.

"एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले, की तो खर्च धरत नाहीत. बाराच्या बारा गेले."

"आणि दोन दिवसांत सहा-सहा दिले असते तर?"

"तर मी विचारलं नसतं. पण आता दिलेत ना एकदम."

मावशीनं वातवाल्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. तरी वातावरण बरं होतं. चव्वेचाळिसातले चौतीस झाले होते. चहा आला. आणि मग आला पस्तिसावा प्रश्न.

"वर्षभरात मेण किती वापरलं?" बाईंनी विचारलं.

"चोपन्न टन," खातेकाका म्हणाले.

"मेणबत्त्या किती बनल्या?"

"साठ टन." काकांची छाती जरा फुगलीच.

"विकलेल्या आणि शिल्लक मिळून?"

"साडेत्रेपन्न टन."

बाईंनी कप खाली ठेवला. "काका, शंभर किलो मेणातून तुम्ही एकशे अकरा किलो मेणबत्त्या काढता?"

"आमच्याकडे वाया काही जातच नाही," खातेकाका म्हणाले.

"काका," बाई म्हणाल्या, "दूध तापवलं की आटतं. वाढत नाही."

खातेकाकांनी वही जवळ ओढली. आकडे पाहिले. पट्टीनं मारलेल्या रेघा पाहिल्या. रेघा अगदी सरळ होत्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मात्र आमच्या पांढऱ्या मेणासारखा झाला.

"हे नुसतं कागदावर वाचणाऱ्याला काय दिसेल सांगू?" बाई म्हणाल्या. "सहा-साडेसहा टन मेण बिलाशिवाय आलं, त्याच्या मेणबत्त्या झाल्या आणि बिलाशिवाय विकल्या गेल्या. म्हणजे साडेचौदा लाखांची विक्री लपवली."

"देवाशपथ, साडेचौदा रुपयांची नाही लपवली!" मावशी मेणाच्या लादीवर मटकन बसली.

"माझा विश्वास आहे हो. पण फॉर्ममध्ये विश्वासाचा रकाना नाही. हा फरक कशाचा ते कळल्याशिवाय मी सही करू शकत नाही. आज चोवीस तारीख. तीसच्या आत अहवाल पोर्टलवर चढला नाही, तर विक्रीच्या अर्धा टक्का दंड. तुमचे साठ हजार."

साठ हजार. मावशीच्या कपाटात तेवढेच होते, आणि ते माझे होते. म्हणजे तसे मावशीचेच, पण त्यातून दुसरं साच्याचं यंत्र यायचं होतं. पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा कारखाना बंद करत होता, साठ हजारांवर सौदा ठरला होता आणि महिनाअखेरपर्यंत तो थांबायला तयार होता. मावशीनं शब्द दिला होता, नवं यंत्र काडी चालवणार. दीड वर्ष मी मोडक्या मेणबत्त्या वेचल्या, त्या याच एका शब्दावर.

मी पुढं झाले आणि हातातला रिकामा ट्रे टेबलावर आपटला. "माझी मावशी चोर नाही! पहाटे पाचला कढई पेटवते ती. बिलाशिवाय साधी सुतळी घेत नाही! तुम्ही इथं बसून नुसते कागद उलटताय, आत येऊन बघितलंत तरी का? मी चार दिवस फरशी खरवडली, ती तरी बघितलीत?"

मावशी ओरडायच्या बेतात होती. बाईंनी हात वर केला.

"चोर मी म्हटलं नाही. कागद असं सांगतो, एवढंच म्हटलं. तुला कागदापेक्षा जास्त माहीत असेल तर दाखव. मेण आत येतं तिथपासून."

"चला!"

बाई उठल्या आणि पहिल्या खोलीच्या दारातच सटकल्या. मी दंडाला धरलं म्हणून बऱ्या.

"ही खरवडलेली फरशी का?" त्यांनी विचारलं.

"खरवडली म्हणून एवढीच घसरलात," मी म्हटलं.

मी त्यांना लाद्यांची थप्पी दाखवली, पन्नास किलोचा काटा दाखवला, कढया दाखवल्या. मेण काट्यावरून जातं, वहीत चढतं, मग कढईत. तिथं सगळं चोख. मग साच्याची खोली. दादा आधीच सावध होऊन उभा होता, केस पाणी लावून बसवलेले. त्यानं हँडल फिरवलं, नव्वद मेणबत्त्या वर आल्या, त्यानं वहीत एक उचल मांडली. ट्रे माझ्याकडे आला. माझे हात आपोआप चालायला लागले. वाकडी, तुटकी, वाकडी, वात बाहेर. दहा वेचल्या आणि पिंपात फेकल्या.

"त्या का टाकल्यास?" बाईंनी विचारलं.

"वाकड्या आहेत."

"तिच्या हातात आल्या की वाकड्या होतात," दादा म्हणाला.

"ए! बाईंच्या डोळ्यांदेखत काढल्यास त्या!"

"तू ट्रे आदळतेस."

"मी आदळते? मेण गार व्हायच्या आत हँडल फिरवतोस तू, उचली वाढवायला! तुझ्या कर्तृत्वानं रोज एक पिंप भरतं, आणि संध्याकाळी परत कढईत ओत—"

मी तिथंच थांबले. तोंड उघडंच राहिलं. मावशी सांगते, की मी वाक्य अर्धवट सोडलेलं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"दादा," मी म्हटलं, "या दहा तू वहीतून कापतोस का?"

"का कापू? हात दुखवून काढल्यात."

"आणि हे मेण उद्या परत कढईत जाईल. त्याच्या परत मेणबत्त्या काढशील."

"काढीन की."

"त्या लिहिशील?"

"लिहीन नाहीतर काय! फुकट काढू?"

खातेकाकांनी दाराची चौकट धरली. "म्हणजे एकच मेण... दोनदा बनलं?"

"काही तर तीनदा बनलं असेल," मी म्हटलं. "दादाच्या हातून."

बाई पिंपात वाकून बघत होत्या. वर आल्या तेव्हा गालात हसत होत्या, पण लगेच तोंड सरळ केलं. "पटण्यासारखं आहे. पण मला पटून भागत नाही. वर्षभरात अशी किती पिंपं परत गेली? नोंद?"

"तुकड्यांची कसली नोंद ठेवणार, बाई?" खातेकाका म्हणाले.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे पाहिलं. मग आम्ही दोघींनी पॅकिंगच्या खोलीतल्या खोक्यांच्या राशीकडे पाहिलं.

"नाही," मावशी पुटपुटली. "नको गं बाई. त्यात काय काय लिहिलंयस तू!"

"यंत्र पाहिजे की अब्रू?" मी विचारलं.

मावशीनं डोळे मिटून मान हलवली. मी आणि खातेकाकांनी खोकी ओढली. काका एवढ्या जोरानं काही ओढतील असं मला वाटलं नव्हतं. धूळ बसली आणि समोर पांढऱ्याशुभ्र भिंतीवर माझ्या लाल रेघा. जुड्याच जुड्या. लग्नपत्रिका छापावी तशा उठून दिसत होत्या.

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं होतं मोठ्यानं वाचायला!

"एप्रिल. पंचवीस पिंपं. 'दादाची कृपा.' मे. तीस. 'म्हणे उकाड्यानं वाकतात. मग मी का नाही वाकले?' जून. सत्तावीस. 'आज दुपारपर्यंत दोन पिंपं, दादाचं लक्ष रस्त्यावर.'" त्या थांबल्या. "रस्त्यावर काय होतं?"

"काही नव्हतं!" दादाच्या कानांच्या पाळ्या लाल.

"'ऑगस्ट. वाकड्या बोटांचा महिना.'"

"काडे, हे सगळं तू माझ्याबद्दल लिहिलंयस?"

"तुला वाटलं काय, प्रार्थना लिहिते मी?"

खातेकाका तोपर्यंत कागद घेऊन भिंतीपाशी उभे राहिले होते. एप्रिलपासून मार्चपर्यंत जुड्या मोजल्या. त्रेसष्ट जुड्या आणि वर तीन. तीनशे अठरा पिंपं. दोनदा मोजली, दोन्ही वेळा तेवढीच.

"गणित आवडतं वाटतं तुला?" बाईंनी विचारलं.

"नाही. भांडण आवडतं."

बाईंनी भिंतीचे फोटो काढले. "एक सांगते. भिंत काही फॉर्मला जोडता येत नाही. आणि रेघा कुणीही मारू शकतं, काल रात्रीसुद्धा."

"तीन हात रंगाच्या खालून?" मावशी ताडकन म्हणाली. रंग बिघडला म्हणून दोन दिवस मला बोलणी खावी लागली होती, आणि आता तोच रंग तिच्या कामाला आला.

बाईंनी भिंतीवरून नख फिरवलं. "हं. हे मानलं. तरी एका पिंपात किती किलो मावतं ते मला समोर मोजायचंय. तीन पिंपं भरून दाखवा, नेहमीसारखी. तोवर मी गॅसची बिलं बघते. साठ टन वितळवलं असेल तर गॅसही साठ टनाचाच लागला असेल."

तीन पिंपं म्हणजे तीन दिवस. सत्तावीस तारीख. हातात वेळ होता. पण आम्ही साचेदादाला विसरलो होतो.

बाई स्टूल टाकून साच्यापाशी बसल्या आणि दादाला अभिमान चढला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकही मेणबत्ती वाकडी नाही! पाणी नीट खेळवत होता, मेणाला बोट लावून बघत होता, हँडल असं फिरवत होता जसं पाळण्यातलं बाळ उचलतोय. एका ट्रेत एखादी निघायची. संध्याकाळी पिंप अर्धंसुद्धा नाही.

"दादा, काय चाललंय तुझं?" मी कानाशी जाऊन कुजबुजले. "वाकड्या काढ!"

"मला वाकडं काम येत नाही," दादा मोठ्यानं म्हणाला.

"दीड वर्ष बरं येत होतं!"

पंचवीस तारीख गेली, सव्वीसची सकाळ गेली, आणि पिंप काही भरेना. माझी चिडचिड नखांपर्यंत आली. समोर ट्रेत नव्वदच्या नव्वद सरळ. मी एक उचलली. पिंप हाताच्या अंतरावर होतं. जरा दाबली असती की काम झालं असतं. मान वळवली तर बाई चष्म्यावरून माझ्याकडेच बघत होत्या. मी ती मेणबत्ती ट्रेत ठेवली, सगळ्यांत सरळ.

शेवटी दादाला दादाच आडवा आला. दुपारी त्यानं वहीत उचली मोजल्या आणि तोंड वाकडं केलं. सावकाश काम केल्यानं उचली निम्म्यावर आल्या होत्या, म्हणजे पैसेही निम्मे. त्यानं बाईंकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि हँडल धरलं. मेण अजून मऊ होतं. पहिल्याच ट्रेत सोळा वाकड्या. मला त्या बघून एवढा आनंद कधी झाला नव्हता.

"शाब्बास दादा!" मी ओरडले.

"गप्प बस."

पहिलं पिंप साडेएकोणीस किलो. दुसरं एकवीस. तिसरं अठ्ठावीस तारखेला सकाळी भरलं, बरोब्बर वीस. खातेकाकांनी सरासरी काढली, तीनशे अठरानं गुणलं आणि आकड्याखाली रेघ मारायला गेले. मग पट्टी बाजूला ठेवली आणि आधी बाईंना दाखवलं.

"सहा हजार चारशे तेरा किलो," बाईंनी वाचलं. "गॅसची बिलंही तेच सांगतात. तपासायचे होते साडेसहा हजार. राहिले सत्त्याऐंशी."

मावशी पुढं सरकली. "मग?"

"मग काय? सत्त्याऐंशी किलो फरक, असं लिहायचं. वर्षभराच्या रेघांत चार-दोन चुकल्या असतील. भिंतीवर अगदी पैन्‌पै जुळली असती, तर मलाच शंका आली असती."

"आणि मेण चोपन्न टन, चांगल्या मेणबत्त्या त्याहून अर्धा टन कमी," खातेकाका घाबरत म्हणाले. त्यांना आता प्रत्येक आकड्याची भीती वाटायला लागली होती. "तो अर्धा टन कुठं गेला?"

बाई माझ्याकडे वळल्या. "चार दिवस उलथन्यानं काय खरवडलंस?"

मी पायाखाली बघितलं. तिथं परत पातळ थर बसायला लागला होता. म्हणजे फरशी बाईंनी बघितली होती. पहिल्याच दिवशी, घसरल्या तेव्हाच.

पस्तिसाव्या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी काय लिहिलं ते मी मागून वाचलं. मेण एवढं, त्यातून तयार माल एवढा, मोडका माल परत वितळवला तो एवढा, सरासरीनं काढलेला, वर्षभराची रीतसर वही ठेवलेली नाही. तेही लिहिलंच त्यांनी. चष्मा लिहिला, वातवाला लिहिला. काही म्हणजे काही सोडलं नाही. पण चोरी कुठंच लिहिली नाही, कारण ती नव्हती. एकोणतीस तारखेला दुपारी अहवाल पोर्टलवर चढला. मावशीनं बाईंना विचारलं, "घसरगुंडीचा काही रकाना आहे का?" तेव्हा त्या पहिल्यांदा खदखदून हसल्या.

जाताना त्यांनी मावशीला बाजूला घेतलं. पण मी ऐकलं, मला ऐकू येतं. "ताई, दंडाचं सोडा. सहा टन मेण तुम्ही वर्षाला दोनदा वितळवता. दोनदा गॅस, आणि दादाला दोनदा उचलीचे पैसे. दुसरं यंत्र असलं, तर मेण गार व्हायला वेळ मिळेल. घ्यायचं असेल तर घेऊनच टाका."

आणि मला म्हणाल्या, "आता भिंत नको, वही कर. तारीख, पिंप, वजन. शेऱ्याचा रकाना ठेवू नकोस."

"छोटा ठेवला तर?"

"ठेव. पण पुढच्या वर्षी मीच वाचणार आहे, आणि मोठ्यानं."

तीस तारखेला यंत्र आलं. चार माणसांनी उतरवलं, पाचवा दारातच घसरला. दादाचं जुनं यंत्र डावीकडे, माझं उजवीकडे. खातेकाकांनी नवी वही आणली, पट्टीनं रकाने आखले. मावशीनं नवा नियम काढला. उचलीचे पैसे आता पॅकिंगला चांगल्या निघालेल्या मेणबत्त्यांवर, आणि मी यंत्रावर असेन तेव्हा माझा ट्रे दादानं तपासायचा.

मी मेण ओतलं. पाणी सोडलं. हँडल धरून उभी राहिले. मेण घट्ट व्हायला किती वेळ लागतो ते मला पक्कं माहीत आहे, दीड वर्ष मीच तर दादाला ओरडून सांगत होते. पण लांबून बघताना तो वेळ एवढासा वाटायचा. जवळ उभं राहिलं, की सरतच नाही. मी मेणाला बोट लावलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. परत बोट लावलं. आणि फिरवलं हँडल.

ट्रे दादाकडे गेला. तो एक-एक मेणबत्ती डोळ्यापुढं धरून बघत होता, जसा सोनार बघतो. एक पिंपात. दुसरी पिंपात. मग सहा सलग.

"ट्रे आदळू नकोस!" मी ओरडले.

दादानं वही उघडली, तारीख घातली. पेन दोनदा झटकलं, तिसऱ्यांदा कागदावर घासलं. मेण लागलं होतं, चालेना. मग त्यानं वही मिटली, खिशातून लाल मेणबत्तीचा तुकडा काढला आणि शिट्टी वाजवत भिंतीकडे निघाला.